गाळातून उजेड

(शहराच्या सांडपाण्यातून उरणारा गाळ कोणालाच नको असतो. या गाळापासून जळणारा वायू कसा तयार होतो आणि तो अधिक मिळावा म्हणून काय करतात, हे या पाठात सांगितले आहे. पाठ वाचताना आपल्या घरातील मोरी आणि आपल्या गल्लीतील गटार डोळ्यांसमोर आणा.)

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या वस्तीजवळून एखादा नाला वाहत असेल. उन्हाळ्यात त्याचे पाणी संथ होते. अशा वेळी पुलावर क्षणभर थांबून खाली पाहा. काळ्या पाण्यावर बुडबुडे येतात, फुटतात आणि नाहीसे होतात. आपण नाकाला रुमाल लावून पुढे निघून जातो. पण त्या बुडबुड्यांत काय असते, याचा विचार तुम्ही कधी केला आहे का?

एका माणसाने तो केला होता. त्यांचे नाव अलेस्सांद्रो व्होल्टा. विजेचा दाब आपण ज्या ‘व्होल्ट’मध्ये मोजतो, ते नाव यांच्यावरूनच आले आहे. १७७६ साली इटलीतील मॅजोरे सरोवराच्या काठी त्यांनी चिखल काठीने ढवळला. वर आलेले बुडबुडे त्यांनी बाटलीत गोळा केले. त्या वायूजवळ ज्योत नेताच तो पेटला. ज्या चिखलाकडे लोक पाहतही नव्हते, त्यात जळण लपलेले होते! या वायूला आज आपण मिथेन म्हणतो.

पुढे लोकांनी हा वायू कामाला लावला. इंग्लंडमधील एक्झिटर शहरात १८९५ च्या सुमारास मैल्याच्या टाकीतून निघणाऱ्या वायूवर दिवे पेटवण्यात आले. आपली मुंबईही मागे नव्हती. माटुंगा येथे कुष्ठरोग्यांसाठी आश्रम होता. तेथे १८९७ साली मैल्याच्या टाक्यांतील वायू गोळा करून तो वापरात आणला गेला. म्हणजे ही विद्या आपल्याला नवी नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी ती आपल्या दारात आली होती.

वर्गात हा विषय निघाला की मुले हसतात, नाके मुरडतात. तुम्हीही हसला असाल. हरकत नाही. पण जी घाण आपण दूर लोटतो, ती जगातून नाहीशी होत नाही. ती कोठेतरी जाते. ती कोठे जाते, ते आता पाहू.

गाळ येतो कोठून?

मोरीतले, संडासातले आणि स्वयंपाकघरातले पाणी गटारातून वाहत जाते. ज्या शहरात सोय आहे, तेथे ते सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात पोहोचते. या पाण्यात ९९ टक्क्यांहून अधिक भाग पाणीच असतो. खरी घाण एक टक्क्याहूनही कमी असते. पण तेवढीच घाण नदीला आणि खाडीला मारायला पुरेशी असते.

केंद्रात आधी जाळ्या लावून चिंध्या, पिशव्या, काड्या बाजूला काढतात. मग पाणी मोठ्या हौदात संथ ठेवतात. जड घाण तळाशी बसते. हा झाला पहिला गाळ. वरचे पाणी दुसऱ्या हौदात नेतात आणि त्यात पंपाने हवा सोडतात. हवेवर जगणारे असंख्य सूक्ष्मजीव पाण्यात विरघळलेली घाण खातात आणि वाढतात. पुढे हे सूक्ष्मजीवही तळाशी बसतात. हा झाला दुसरा गाळ.

पाणी स्वच्छ झाले. पण गाळ मागे उरला. तो दुर्गंधी सुटलेला, पातळ आणि रोगजंतूंनी भरलेला असतो. तो तसाच शेतात टाकता येत नाही, नदीत सोडता येत नाही आणि कायमचा साठवताही येत नाही. मग त्याचे करायचे काय?

टाकी नव्हे, पोट!

हा गाळ एका बंद टाकीत भरतात. तिला पाचक टाकी म्हणतात. नाव अगदी योग्य आहे, कारण ती टाकी म्हणजे एक मोठे पोटच असते. आत हवा जाऊ देत नाहीत. हवेशिवाय जगणारे सूक्ष्मजीव आत काम करतात.

हे काम चार टप्प्यांत चालते. पहिले सूक्ष्मजीव गाळातील मोठ्या पदार्थांचे लहान तुकडे करतात. दुसरे त्या तुकड्यांपासून आम्ले तयार करतात. तिसरे त्या आम्लांपासून व्हिनेगरमध्ये असते तसले साधे आम्ल आणि हायड्रोजन बनवतात. चौथे सूक्ष्मजीव त्यांपासून मिथेन वायू तयार करतात. एकाने टाकलेले दुसऱ्याचे अन्न होते. मागावर कापड विणताना सूत भरणारा, ताणा लावणारा आणि विणणारा असे एकापुढे एक कारागीर असतात ना? तसेच हे आहे. एक थांबला की सगळे काम अडते.

तयार होणाऱ्या वायूला बायोगॅस म्हणतात. त्यात साधारणपणे ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो. बाकीचा बहुतेक कार्बन डायऑक्साइड असतो. थोडी वाफ असते आणि हायड्रोजन सल्फाइड नावाचा विषारी वायूही थोड्या प्रमाणात असतो. खेड्यातील गोबर गॅसच्या संयंत्रात जे घडते, तेच येथे घडते. फक्त शेणाऐवजी शहराचा गाळ असतो.

आता थोडा हिशोब करू. चांगल्या चालणाऱ्या केंद्रात एक हजार माणसांच्या सांडपाण्यापासून दिवसाला सुमारे २० घनमीटर बायोगॅस मिळू शकतो. एक घनमीटर बायोगॅसपासून सुमारे दोन युनिट वीज तयार होते. म्हणजे हजार माणसांमागे ४० युनिट. पाच लाख वस्तीच्या शहरातील सगळे सांडपाणी केंद्रात पोहोचले, तर दिवसाला २०,००० युनिट वीज मिळेल. केंद्रातील हवेचे पंप भरपूर वीज खातात. ती वीज बाहेरून विकत आणावी लागते आणि तिचे पैसे शेवटी नागरिकच भरतात. म्हणून घरचीच वीज मिळाली तर फायदा सगळ्यांचा.

पण येथे एक अडचण आहे. साध्या पाचक टाकीत गाळ १५ ते ३० दिवस ठेवला, तरी त्यातील कुजण्याजोग्या भागापैकी जेमतेम निम्माच पचतो. उरलेला तसाच बाहेर पडतो. ताटातले अर्धे अन्न तसेच राहावे, तसे हे झाले. मग या पोटाची भूक कशी वाढवायची? त्याचे काही उपाय आता पाहू.

पहिला उपाय : ऊब आणि हालचाल

सूक्ष्मजीवांना ऊब लागते. टाकीतील तापमान ३५ ते ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे जवळजवळ आपल्या शरीराइतके असले की ते चांगले काम करतात. काही ठिकाणी ५० ते ५५ अंशांवर वाढणारे सूक्ष्मजीव वापरतात. ते अधिक वेगाने काम करतात, पण नाजूक असतात. कोणत्याही टाकीत तापमान एकदम चढले किंवा उतरले, तर सूक्ष्मजीव आजारी पडल्यासारखे होतात आणि वायू कमी होतो.

टाकी ढवळावीही लागते. खीर ढवळली नाही तर तळाला लागते आणि वर साय धरते. टाकीचेही तसेच आहे. तळाशी वाळू साचते, वर जाड थर धरतो आणि सूक्ष्मजीवांना अन्न मिळत नाही. गाळ टाकीत घालण्याआधी त्यातील पाणीही कमी करतात. नाहीतर नुसते पाणी तापवण्यातच उष्णता खर्च होते.

दुसरा उपाय : चावून देणे

“घास नीट चावून खा,” असे आई आपल्याला सांगते. चावलेला घास लवकर पचतो. दुसरा गाळ पचायला जड असतो, कारण तो म्हणजे सूक्ष्मजीवांच्या पेशींचा ढीग असतो आणि पेशींची भिंत चिवट असते. टाकीतील सूक्ष्मजीवांना दात नाहीत. म्हणून माणसाला त्यांच्यासाठी गाळ चावून द्यावा लागतो.

त्याची एक रीत प्रेशर कुकरसारखी आहे. गाळ बंद भांड्यात घालतात आणि दाबाखालच्या वाफेने सुमारे १६० अंशांपर्यंत तापवतात. अर्धा तास तसाच ठेवतात. मग दाब एकदम काढून घेतात. ज्वारीच्या लाह्या फुटताना तुम्ही पाहिल्या असतील. दाण्यातील पाण्याची वाफ होते आणि दाणा फट्‌कन उमलतो. गाळातील पेशीही तशाच फुटतात. आतील अन्न मोकळे होते. रोगजंतूही मरतात.

या रीतीचा पहिला मोठा कारखाना १९९५ साली नॉर्वे देशातील हामार शहरात सुरू झाला. २०१५ साली अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथील ब्लू प्लेन्स या प्रचंड केंद्रानेही ही रीत स्वीकारली. तेथे मिळणाऱ्या वायूपासून सुमारे १० मेगावॅट वीज तयार होऊ लागली. ती त्या केंद्राच्या गरजेच्या सुमारे एक-तृतीयांश होती. साध्या टाकीत जो भाग निम्माच पचत होता, तो या रीतीने ६० टक्क्यांच्या आसपास पचतो. शिवाय शिजवलेला गाळ दाट असूनही सहज वाहतो, म्हणून टाक्या लहान चालतात. मात्र वाफ करायला उष्णता लागते. ती उष्णता केंद्रातच वाया जाणाऱ्या उष्णतेतून मिळवली, तरच हा सौदा परवडतो.

तिसरा उपाय : मिश्र आहार

नुसती भाकरी खाऊन कंटाळा येतो आणि पोषणही पुरे होत नाही. सूक्ष्मजीवांचेही तसेच आहे. गाळात नायट्रोजन जास्त असतो. उरलेला भात, फळांच्या साली, भाजीचे देठ यांत कार्बन जास्त असतो. दोन्ही एकत्र केले की जेवण समतोल होते आणि वायू वाढतो.

ऑस्ट्रिया देशातील स्ट्रास हे छोटे केंद्र पाहा. डोंगरातल्या दरीत, पर्यटकांच्या गावांजवळ ते आहे. तेथील लोकांनी आधी विजेची उधळपट्टी थांबवली. वायूपासून अधिक चांगली वीज देणारे इंजिन बसवले. २००५ साली हे केंद्र स्वतःला लागते त्याहून जास्त वीज तयार करू लागले. पुढे त्यांनी स्वयंपाकघरातील ओला कचराही टाकीत घातला. अमेरिकेतील ओकलंड शहराजवळच्या केंद्राने हॉटेलांतील उरलेले अन्न गाळात मिसळले आणि २०१२ साली तेही आपल्या गरजेपेक्षा जास्त वीज निर्माण करू लागले.

आता आपल्या घराजवळ येऊ. नाशिक महानगरपालिकेने विल्होळी येथे जर्मनीच्या मदतीने असाच प्रकल्प उभारला. तो २०१७ साली सुरू झाला. सार्वजनिक शौचालयांतील मैला आणि हॉटेलांतील ओला कचरा एकत्र करून त्यापासून वायू व वीज तयार करण्याची ती योजना आहे. दिवसाला सुमारे ३० टन माल पचवण्याची तिची क्षमता ठरवली होती. मालेगावच्या विद्यार्थ्यांना नाशिक काही परके नाही. तुमच्याच जिल्ह्यात हे काम झाले, याचा तुम्हांला अभिमान वाटला पाहिजे.

पण मिश्र आहारातही बेताने घ्यावे लागते. लग्नाच्या दावतीत एखादा मुलगा बिर्याणी, मिठाई आणि सरबत यांवर एकदम ताव मारतो आणि रात्री पोट धरून बसतो. टाकीत एकदम भरपूर अन्न घातले तर असेच होते. आम्ल तयार करणारे सूक्ष्मजीव चपळ असतात; मिथेन तयार करणारे सावकाश वाढतात. आम्ल साचत जाते, टाकी आंबट होते आणि वायू बंद पडतो. ती पुन्हा सुरळीत व्हायला अनेक आठवडे लागू शकतात. म्हणून रोज थोडे थोडे आणि एकसारखे अन्न देणे, हा या कामातला मोठा नियम आहे.

पकडला तर मित्र, सुटला तर शत्रू

हा वायू पकडून जाळला नाही तर काय होते? तो हवेत जातो. शंभर वर्षांच्या हिशोबाने पाहिले, तर एक किलो मिथेन एक किलो कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट अधिक उष्णता अडवून ठेवतो. नाल्यावर फुटणारा प्रत्येक बुडबुडा पृथ्वीचा ताप वाढवत असतो.

याहून जवळचा धोका गटारात असतो. बंद गटारात आणि सेप्टिक टाकीत हेच वायू साचतात. हायड्रोजन सल्फाइडला आधी कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो. पण त्याचे प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. ‘वास गेला, म्हणजे धोका गेला,’ असे माणसाला वाटते आणि तो फसतो. आत उतरलेला पहिला माणूस कोसळतो. त्याला वाचवायला दुसरा उतरतो. तोही वर येत नाही. अशा बातम्या आपण पुन्हा पुन्हा वाचतो. मरणारे बहुतेक गरीब सफाई कामगार असतात. त्यांच्याही घरी तुमच्याएवढी मुले वाट पाहत असतात.

२०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय कोणालाही गटार किंवा सेप्टिक टाकी साफ करायला आत उतरवणे हा गुन्हा ठरवला आहे. हे तुम्ही लक्षात ठेवा आणि घरातील मोठ्यांनाही सांगा. गटाराचे झाकण उघडे दिसले तर त्यात वाकून पाहू नका. चेंडू आत गेला तर जाऊ द्या. चेंडू पुन्हा मिळेल. कोणी आत पडले असेल तर स्वतः उतरू नका. मोठ्यांना हाक मारा आणि अग्निशमन दलाला १०१ क्रमांकावर कळवा.

आपल्या हातात काय आहे?

तुम्ही म्हणाल, “एवढ्या मोठ्या टाक्यांशी आमचा काय संबंध?” संबंध रोजचा आहे. टाकीत काय जाते, हे केंद्रातील इंजिनिअर ठरवत नाही. ते आपल्या मोरीपाशी ठरते. रंगाचा डबा, ॲसिड किंवा जंतुनाशक मोरीत ओतले, तर ते वायू देणाऱ्या सूक्ष्मजीवांना मारक ठरू शकते. प्लॅस्टिकची पिशवी पंपात अडकते. तळणीचे तेल पाचक टाकीत पोहोचले असते तर त्यापासून भरपूर वायू मिळाला असता. पण मोरीत ओतले की ते पाइपात गोठते आणि गटार तुंबते. मग ते गटार साफ करायला कोणालातरी बोलवावे लागते. त्या माणसाचा जीव आपल्या निष्काळजीपणामुळे धोक्यात येतो.

म्हणून ओला कचरा वेगळा ठेवा. तेल बाटलीत साठवा. पिशव्या गटारात टाकू नका. हे लहान काम आहे, पण याच कामापासून सुरुवात होते.

उद्या नाल्याच्या पुलावरून जाताना तुम्हांला पुन्हा बुडबुडे दिसतील. आता त्यांत काय आहे, हे तुम्हांला ठाऊक आहे. त्यात एखाद्या घरातला दिवा असू शकतो. तो हवेत विझू द्यायचा की घरात पेटवायचा, हे आपल्या सर्वांच्या शहाणपणावर अवलंबून आहे.

शब्दार्थ

सांडपाणी – वापरून टाकलेले पाणी. गाळ – पाण्याच्या तळाशी बसलेली घाण. सूक्ष्मजीव – डोळ्यांना न दिसणारे अतिशय लहान जीव. पाचक – पचवणारी. चिवट – लवकर न तुटणारे. समतोल – योग्य प्रमाणातले. बधिर – जाणीव नसलेले. ताव मारणे – भरपूर खाणे. नाक मुरडणे – नापसंती दाखवणे. तुंबणे – अडून राहणे.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) व्होल्टा यांनी बुडबुडे कोठे गोळा केले?
(आ) बायोगॅसमध्ये मिथेनचे प्रमाण साधारण किती असते?
(इ) टाकी आंबट का होते?

२. कारणे लिहा.
(अ) दुसरा गाळ पचायला जड असतो.
(आ) गटारात वास येईनासा झाला तरी धोका टळलेला नसतो.

३. पाठातील हिशोब वापरून सोडवा : तुमच्या गावाची वस्ती ५०,००० आहे असे माना. सगळे सांडपाणी केंद्रात पोहोचले, तर दिवसाला किती युनिट वीज मिळेल? वायू एक-चतुर्थांशाने वाढला, तर किती मिळेल?

४. ‘नाक मुरडणे’ आणि ‘ताव मारणे’ हे वाक्प्रचार स्वतःच्या वाक्यांत वापरा.

५. उपक्रम : घरातील मोरीत दिवसभरात काय काय जाते, याची यादी करा. त्यातले काय मोरीत जायला नको होते, ते वर्गात सांगा.